नळदुर्गचा पूल आणि शिवारातली डीपी

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेलं भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत शिरलं, तेव्हा पहिली मोठी चकमक झडली ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गला. किल्ल्याच्या आसऱ्यानं निजामाची फौज बसली होती. पण किल्ल्याच्याही आधी सैन्याला हवा होता बोरी नदीवरचा पूल. तो उडाला असता तर रणगाडे आणि मालमोटारी ऐन पावसाळ्यात नदीच्या अलीकडेच अडकून पडल्या असत्या. समोरच्याला सावरायला वेळ न देता सातव्या ब्रिगेडनं तो पूल शाबूत ताब्यात घेतला. मग नळदुर्ग पडलं, आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. हाच दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

त्या पुलाला दगड-चुना किती लागला होता, बांधायला खर्च किती आला होता, हा हिशेब त्या सकाळी कोणाच्याच कामाचा नव्हता. पुलाचं मोल त्याच्यावरून पलीकडे जाणाऱ्या रस्त्यात होतं.

मला त्या पुलाची आठवण झाली ती आमच्या शिवारातली डीपी चोरीला गेली त्या दिवशी. जानेवारी महिना होता. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला एक पाणी हवं होतं, आणि त्या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची होती. मोटार चालू करायला गेलेला पोरगा अंधारातून तसाच परत आला. सकाळी आम्ही सगळे जाऊन पाहतो तर दोन खांबांमधल्या चौकटीवर असणारी टाकी खाली आडवी पडलेली. झाकणाचे नट-बोल्ट पान्यानं सावकाश खोललेले. ऑइल मातीत मुरून हातभर रुंदीचा काळा चकचकीत डाग पडला होता. गुंडाळ्यांना लपेटलेल्या पिवळसर कागदाच्या चिंध्या बांधावरच्या बोरीच्या काट्यांत अडकल्या होत्या. आतल्या तारेचा मागमूस नव्हता.

रोहित्र म्हणजे आपली डीपी. तिचं काम सांगायला सोपं आहे. ११ हजार व्होल्टची लाइन तिच्यापर्यंत येते आणि मोटारीला झेपेल असा चारशे-सव्वाचारशे व्होल्टचा दाब होऊन बाहेर पडते. आत लोखंडी गाभ्यावर तारेच्या गुंडाळ्या असतात आणि त्या ऑइलमध्ये बुडवलेल्या असतात. ऑइल गुंडाळ्या थंड ठेवतं आणि आतल्या आत ठिणगी उडू देत नाही. ६३ केव्हीएच्या एका डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या डझनभर मोटारी चालतात. चोराला यातलं फक्त तांबं दिसतं. आता कितीतरी रोहित्रांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते, पण ते त्याला टाकी उघडल्यावर कळतं. तोवर डीपी कामातून गेलेली असते.

आम्ही ठाण्यात गेलो. हवालदारांनी कागद ओढला आणि पहिला प्रश्न केला, "किती रुपयांचा माल गेला?" आमच्यातले तात्या पुढे झाले. "सायेब, माल किती गेला ते कंपनीला इचारा. आमचं पाणी गेलंय." त्यावर कोणीतरी हसलं. कागदावर मालाची अंदाजे किंमत लिहिली गेली आणि साध्या चोरीचं कलम पडलं. तात्यांचं वाक्य काही कागदावर आलं नाही.

कायदा वाचायला घेतल्यावर माझ्या ध्यानात आलं, की त्या दिवशी ठाण्यात सगळ्यात नेमकी कायद्याची गोष्ट बोलले असतील तर ते तात्याच.

आपला फौजदारी कायदा नुकसान दोन मापांनी मोजतो. एक माप रुपयांचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२४ मध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस करण्याचा गुन्हा आहे. कायद्याच्या मराठीत त्याला 'आगळीक' म्हणतात. साध्या आगळिकीला ६ महिन्यांपर्यंत कैद. नुकसान २० हजारांपासून १ लाखाच्या आत असेल तर २ वर्षांपर्यंत, १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ५ वर्षांपर्यंत. म्हणजे शिक्षेची पायरी रकमेवर ठरते.

दुसरं माप आहे कलम ३२६ मध्ये, आणि तिथे रुपये विचारलेलेच नाहीत. शेतीचं पाणी, माणसांच्या किंवा जनावरांच्या पिण्याचं पाणी, स्वच्छतेचं किंवा कारखान्याचं पाणी ज्या कृत्यामुळे कमी होईल, किंवा कमी होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक आहे, अशा आगळिकीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. सार्वजनिक रस्ता किंवा पूल जाण्यायेण्यालायक राहणार नाही, किंवा त्याचा धोका वाढेल, असं काही केलं तरी ५ वर्षांपर्यंत. इथे तुटलेली वस्तू पाच रुपयांची असली तरी चालते. पाटाची एक फळी, जलवाहिनीचा एक व्हॉल्व्ह, पुलाचा एक कठडा. कायदा विचारतो, की यामुळे कोणाचं काय थांबलं?

हे माप नवीन नाही. १८६० च्या दंड संहितेत ४३० आणि ४३१ या कलमांत ते जवळपास याच शब्दांत होतं. पाणी आणि रस्ता या दोन गोष्टी साध्या मालमत्तेसारख्या तोलायच्या नाहीत, एवढी समज कायद्याला पहिल्यापासून आहे. वीज तेव्हा नव्हती, म्हणून त्या कलमात विजेचा शब्द नाही. पण आमच्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात विहिरीतलं आणि बोअरमधलं पाणी वर येतं ते विजेनंच. डीपी फोडणाऱ्याला हे माहीत नसतं असं कोणी म्हणू शकेल का? शिवारातच, विहिरींच्या मधोमध तो उभा असतो. माझ्या वाचनाप्रमाणे शेतीपंपांची डीपी फोडणं हे कलम ३२६ च्या शब्दांत बसवता येतं. तात्यांनी तेच सांगितलं होतं, आणि त्या कागदावर ते यायला हवं होतं.

विजेसाठी वेगळा कायदा आहेच. विद्युत अधिनियम, २००३ चं कलम १३६ खास तारा आणि साहित्याच्या चोरीसाठी आहे. खांबावरून, मनोऱ्यावरून, उभारणीच्या जागेवरून, गोदामातून किंवा वाहतुकीत असताना विजेची तार, साहित्य किंवा मीटर परवानगीशिवाय कापलं, काढलं, नेलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यातले दोन बारकावे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा, की हे फायद्यासाठी केलं की नाही याला महत्त्व नाही, असं कलमातच म्हटलं आहे. कोणी रागानं तार काढून ओढ्यात फेकली तरी तो याच कलमात येतो. दुसरा असा, की परवानगी वीज कंपनीची किंवा मालकाची, असे शब्द आहेत. त्यामुळे शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं टाकलेल्या तारेलाही या कलमाचा आधार मिळू शकतो. पुन्हा तोच गुन्हा केला तर किमान ६ महिने आणि कमाल ५ वर्षं कैद, शिवाय किमान १० हजार रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

शिवारातली तार चोरून चोर ती घरात ठेवत नाही. ती जाळून तिचं आवरण काढलं जातं आणि गोळा करून ती भंगारात जाते. कलम १३७ चोरीचं साहित्य घेणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंतची कैद सांगतं. पण तो माल चोरीचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होतं, किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण होतं, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. जळालेल्या तांब्याच्या गोळ्यावर कोणाचंही नाव लिहिलेलं नसतं. रेल्वेनं हा पेच १९६६ मध्येच ओळखला होता. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियमानुसार चोरीचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल एखाद्याच्या ताब्यात सापडला, की तो आपल्याकडे रीतसर आला हे त्यानंच दाखवायचं असतं. नाही दाखवता आलं तर पहिल्याच वेळी साधारणपणे किमान १ वर्ष, कमाल ५ वर्षं कैद. रुळाच्या एका तुकड्याला कायद्यानं जे कवच दिलं ते डीपीच्या तांब्याला दिलेलं नाही. मला वाटतं, विद्युत कायद्यात सगळ्यात आधी दुरुस्ती हवी ती इथे. चोर दर वेळी वेगळे असतात. तांबं विकत घेणारी दुकानं मात्र मोजकीच असतात.

त्याच कायद्यातलं कलम १४० वाचून मी चक्रावलो. वीजपुरवठा तोडण्याच्या हेतूनं लाइन कापली किंवा तिला इजा केली तर शिक्षा काय? १० हजार रुपयांपर्यंत दंड. कैद नाहीच. म्हणजे तार चोरणाऱ्याला ३ वर्षं आणि गाव अंधारात ढकलायच्या हेतूनंच तार तोडणाऱ्याला नुसता दंड. आणखी गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी, की २००७ च्या दुरुस्तीनं हा दंडाचा गुन्हाही अजामीनपात्र ठरवला. निष्काळजीपणानं खांब पाडणं किंवा साहित्याचं नुकसान करणं यालाही कलम १३९ खाली तेवढाच दंड आहे. हेतू आणि चूक एकाच तागडीत बसवण्याचा हा प्रकार आहे.

ही उणीव भरून निघते ती दुसऱ्या एका कायद्यानं, आणि तोच आपल्याकडे सगळ्यात कमी आठवला जातो. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान प्रतिबंधक अधिनियम, १९८४. अगदी छोटा कायदा, सात कलमांचा. सार्वजनिक मालमत्तेची आगळीक केली तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण पाणी, दिवाबत्ती, वीज यांच्या निर्मितीशी आणि पुरवठ्याशी जोडलेली मालमत्ता, तेलाचे प्रकल्प, मैलापाण्याची व्यवस्था, सार्वजनिक वाहतुकीची आणि दूरसंचाराची साधनं यांचं नुकसान केलं, तर सक्तमजुरी किमान ६ महिने, कमाल ५ वर्षं. हेच आग लावून किंवा स्फोटकांनी केलं तर किमान १ वर्ष, कमाल १० वर्षं. किमान शिक्षेपेक्षा कमी द्यायची तर न्यायालयाला कारण लिहावं लागतं. जामीन देण्याआधी सरकार पक्षाला विरोध करायची संधी द्यावी लागते. आमच्या डीपीला हा कायदा लागू होत होता, कारण सरकारी कंपनीची मालमत्ता त्याच्या व्याख्येत सार्वजनिकच आहे.

तीच व्याख्या पवनचक्क्यांपाशी येऊन थांबते. वाशी, भूम, तुळजापूर या भागांतल्या माळांवर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मनोऱ्यांतून तांब्याच्या जाड केबली उतरतात आणि त्यांची चोरी हा आपल्या जिल्ह्यातला नेहमीचा गुन्हा झाला आहे. पवनचक्की खासगी कंपनीची असेल तर १९८४ च्या कायद्याच्या व्याख्येत ती सार्वजनिक मालमत्ता ठरत नाही. तिची वीज जाते त्याच जाळ्यात, पण कवच वेगळं. तिथे कलम १३६ आणि न्याय संहितेवरच भागवावं लागतं. पवनचक्क्यांभोवतीच्या गुन्हेगारीनं कोणतं टोक गाठलं ते शेजारच्या बीड जिल्ह्यानं ९ डिसेंबर २०२४ रोजी पाहिलं. केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या २ कोटींच्या खंडणीशी त्या खुनाचा संबंध असल्याचं आरोपपत्रात म्हटलं आहे. दुसऱ्या बाजूला, जमिनीचा मोबदला, खराब झालेले रस्ते, पिकांतून ओढलेल्या तारा यांवरून शेतकऱ्यांची कंपन्यांशी खरीखुरी भांडणंही आहेत. ती मांडायला महसूल कचेरी आहे, न्यायालय आहे, शांततेचं आंदोलन आहे. खंडणीखोर आणि केबल चोर या भांडणांच्या आडोशाला उभे राहतात, म्हणून दोघांची गाठ आपणच सोडवून ठेवली पाहिजे.

आता पाण्याकडे येतो, कारण धाराशिवकराला या विषयाची खरी कळ पाण्यातच कळते.

धाराशिव शहराला पाणी येतं ते उजनीहून, सोलापूर जिल्हा ओलांडून आलेल्या जलवाहिनीतून. एवढ्या लांबच्या वाहिनीवर चढाच्या जागी हवा बाहेर काढणारे व्हॉल्व्ह असतात. वाहिनीत हवा अडकली की प्रवाह अडतो आणि नळी फुटायची भीती असते. उन्हाळ्यात अशा वाहिन्यांचे व्हॉल्व्ह फोडून पाणी घेतलं जातं, हे दुष्काळी भागात कोणालाही नवं नाही. फोडणाऱ्याला दोन-चार हंडे मिळतात, एखाद्याचं तळं भरतं, आणि पुढच्या टोकाला एका वस्तीचा पाळीचा दिवस हुकतो. तहान लागलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणताना माझी जीभ अडखळते, हे मी मोकळेपणानं सांगतो. पण व्हॉल्व्ह फोडून शेततळं भरणारा माणूस तहानलेला नसतो. न्यायाधीशाला या दोघांत फरक करता यावा म्हणूनच कलम ३२६ मध्ये कैद किंवा दंड असा पर्याय ठेवला आहे आणि किमान शिक्षा ठेवलेली नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूर शहर कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये तिथल्या प्रशासनानं पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावली, पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. पाण्याच्या टाकीला पोलीस पहारा, हे आपल्या पिढीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली, तिला 'जलदूत' नाव दिलं होतं. पहिल्या फेरीत १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन ती दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि धाराशिववरूनच हा मार्ग जातो. म्हणजे ते पाणी आपल्या तहानलेल्या जिल्ह्याच्या अंगणातून शेजारच्या घरी गेलं. पुढे त्या गाडीच्या अनेक फेऱ्या झाल्या आणि लातूर तगलं. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार रुळांवर बसून किंवा अन्य मार्गानं गाडी अडवली तर २ वर्षांपर्यंत कैद आहे. गाडी उलथवण्याच्या इराद्यानं रुळांशी खेळ केला तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. त्या गाडीच्या बाबतीत ही कलमं उघडायची वेळ आली नाही. शेजारधर्म कशाला म्हणतात ते या जिल्ह्यानं तेव्हा दाखवलं.

आता रस्त्यांचं. धाराशिव जिल्ह्यातून दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग जातात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-बीड असा ५२ क्रमांकाचा आणि पुणे-सोलापूर-नळदुर्ग-उमरगा-हैदराबाद असा ६५ क्रमांकाचा. म्हणूनच जिल्ह्यातलं प्रत्येक आंदोलन शेवटी या दोनपैकी एकावर येऊन बसतं. सोयाबीनचा भाव असो, पीकविमा असो, आरक्षण असो. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र येणं हा राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानं दिलेला हक्क आहे, आणि कायदाही बसणाऱ्याला आणि खणणाऱ्याला एका मापानं मोजत नाही. सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणणं, हे न्याय संहितेचं कलम २८५. शिक्षा ५ हजार रुपयांपर्यंत दंड. महामार्ग खोदला, पुलाची नासधूस केली, तर कलम ३२६ आणि राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाचं कलम ८ब, दोन्हींत ५ वर्षांपर्यंत कैद. एसटी पेटवली तर १९८४ च्या कायद्याखाली १० वर्षांपर्यंत. रस्ता अडवणं आणि रस्ता मोडणं यांतलं हे अंतर आंदोलनातल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवं, कारण शेवटी खटला चालतो तो त्याच्यावर.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं तेव्हा उमरगा तालुक्यातल्या तुरोरीजवळ कर्नाटकची बस जाळली गेली. ३० ऑक्टोबरला जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यात संचारबंदी लावली. कर्नाटकानं महाराष्ट्रात येणाऱ्या बस थांबवल्या. सीमेवरच्या तालुक्यात याचा अर्थ काय होतो ते उमरग्याच्या माणसाला विचारा. कलबुर्गीला दवाखान्यात जाणारा रुग्ण, बसवकल्याणला दिलेली लेक, पलीकडच्या कॉलेजात शिकणारी मुलं. एका बसची किंमत भरून देता येईल. अडलेल्या माणसांची यादी कोणीच करत नाही.

नुकसान भरून घ्यायचे प्रयत्न न्यायालयांनी केले आहेत. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं २००४ मध्ये शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष या दोघांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये हा विषय स्वतःहून हाती घेतला, न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि ज्येष्ठ वकील फली नरिमन यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्या नेमल्या, आणि २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. मोठं नुकसान झालं तर उच्च न्यायालयानं स्वतः दखल घेऊन दावे आयुक्त नेमावा, आणि ज्यांनी नुकसान केलं किंवा ज्यांनी ते कार्यक्रम पुकारले त्यांच्याकडून भरपाई घ्यावी, असा त्यांचा गाभा आहे. दुसरीकडे राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णयही आपल्याकडे निघतात. जीवितहानी झालेली नसावी, नुकसान ५ लाखांच्या वर नसावं, अशा त्यांच्या अटी असतात. भावनेच्या भरात घोषणा दिलेल्या पोरांची आयुष्यं खटल्यांत सडू नयेत, हे मला पटतं. पण तिथेही माप पुन्हा रुपयांचंच आलं. जलवाहिनीचे दोन-चार व्हॉल्व्ह ५ लाखांच्या आत सहज बसतात, आणि त्यांच्यापायी अख्खं शहर कोरडं राहू शकतं.

'अत्यावश्यक पायाभूत सुविधा' असा शब्द बातम्यांत सर्रास येतो. सगळ्या सुविधांना मिळून लागू होईल असा एकच कायदा मात्र आपल्याकडे नाही. ज्या संगणक यंत्रणा बंद पडल्या तर देशाची सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता कोलमडेल, त्यांची व्याख्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७० मध्ये आहे. संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेत घुसखोरीला १० वर्षांपर्यंत कैद. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. तेव्हा सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त झाला होता. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी पुढे मानवी चूक हे कारण दिलं. पण वीज आता संगणकावरूनही तोडता येते, ही धास्ती तेव्हापासून सर्वांच्या मनात बसली. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात अत्यावश्यक दूरसंचार सुविधांच्या नुकसानीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. इतर दूरसंचार जाळ्याचं नुकसान केलं तर ५० लाखांपर्यंत रक्कम भरावी लागू शकते. खेड्यात हा प्रश्न जेसीबीच्या दातावर येतो. पाइपलाइनसाठी चर खणताना फायबर तुटतो आणि बँकेपासून रेशन दुकानापर्यंत सगळं ठप्प होतं. खणण्याआधी कळवण्यासाठी मार्च २०२३ पासून केंद्र सरकारचं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आहे. जेसीबीवाल्याला आधी ते वापरायला लावा.

आमची डीपी काही दिवसांनी बदलून आली. तोवर हरभऱ्याचे घाटे पोचट राहायचे ते राहिले. ज्वारी थोडीफार हाती लागली.

तुमच्या शिवारात अशी वेळ आली तर एवढं करा. पडलेल्या टाकीला हात लावू नका आणि तिचे फोटो काढा. वरची लाइन चालू असू शकते, म्हणून लाइनमन येईपर्यंत कोणी खांबाजवळ जाऊ नये. मग कंपनीच्या अभियंत्याला सोबत घेऊन ठाण्यात जा. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे माहिती कोणीही देऊ शकतं. तक्रारीत मालाच्या किमतीपाशी थांबू नका. त्या डीपीवर किती मोटारी होत्या, किती एकर कोणतं पीक होतं, गावाच्या पिण्याच्या पाण्याची बोअर किंवा विहीर तिच्यावर होती का, जनावरं किती होती, पाणी कोणत्या तारखेपासून बंद झालं, हे सगळं आकड्यांनिशी लिहा आणि पंचनाम्यातही घ्यायला सांगा. साध्या चोरीच्या कलमासोबत विद्युत अधिनियमाचं १३६, सार्वजनिक मालमत्तेचा १९८४ चा कायदा आणि न्याय संहितेचं ३२६ लावण्याची लेखी विनंती करा. आणि गुन्हा नोंदवल्यावर प्रथम खबरी अहवालाची प्रत घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती प्रत तुम्हाला मोफत मिळते.